अडतीस डॉक्टर

"नंबर एकतीस! एकतीस हाय का?"

हाक माझ्या वडिलांची होती आणि एकतीस नंबर माझा होता. कॉलेजच्या लायब्ररीशेजारच्या खोलीच्या दारात, खाकी कपड्यांत, हातात यादी धरून ते उभे होते. मी समोरच तीन हातांवर, भिंतीला टेकून ओठ हलवत पाठांतर करत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते आधीच्या तीस जणांकडे बघितलं तसंच. मी "आले मामा" म्हणून पुढे झाले. शेजारच्या मुलीला काही वेगळं वाटलं नाही. वाटण्यासारखं आम्ही काही ठेवलंच नव्हतं.

ही गोष्ट सांगलीतली, दोन हजार नऊ सालची. बारावीची फ्रेंचची तोंडी परीक्षा होती.

शिपायाच्या मुलीला फ्रेंच कुठून सुचलं, असं कोणीही विचारील. मला नव्हतंच सुचलं, ते आबांना सुचलं. आबा त्या कॉलेजात बावीस वर्षं शिपाई होते आणि स्टाफरूममधले चहाचे कप गोळा करता करता त्यांनी जेवढं ज्ञान मिळवलं होतं तेवढं काही प्राध्यापकांनी पुस्तकं वाचूनही मिळवलं नसेल. तिथेच त्यांनी ऐकलं की मराठीचा पेपर साक्षात सरस्वती येऊन लिहून गेली तरी सत्तरच्या वर मार्क पडत नाहीत, आणि फ्रेंचला मात्र घोकणाऱ्याचे नव्वद कुठे जात नाहीत. मला जायचं होतं डी.एड.ला. तिथे टोटल बघतात. सरकारी डी.एड. कॉलेजात नंबर लागला की दोन वर्षांत गुरुजीण, आणि गुरुजीण झालं की घर वर आलं, असा आबांचा सरळ हिशोब होता. अकरावीच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात त्यांनी माझ्याकडून फ्रेंच लिहून घेतलं.

"आबा, मला ए बी सी डीचीच मारामार आणि हे काय?"

"मॅडम झेरॉक्स देत्यात," आबा म्हणाले. "तेवढं पाठ करायचं. कळायची गरज न्हाई, असं खुद्द सर लोक म्हणत हुते."

त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली. "कॉलेजात मला आबा म्हणू नगंस. मामा म्हण. सगळी म्हणत्यात." कोणी तुला शिपायाची पोरगी म्हणून चिडवू नये, किंवा तुझे मार्क वशिल्याचे आहेत असं म्हणू नये, असं काहीतरी कारणही ते सांगणार होते. पण त्याआधीच मी "बरं" म्हणून गेले. ते "बरं" फार पटकन आलं, आणि ते तसं आलं हे आबांनाही कळलं. पोरं त्यांना टोलमामा म्हणत, कारण टोल तेच द्यायचे. आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसातल्या दोघा-तिघांना आमचं नातं माहीत होतं, पण त्यांना आबांनीच गप्प केलेलं होतं.

फ्रेंच शिकवायला सबनीस मॅडम होत्या. त्या तासिकेवर होत्या, म्हणजे रोज दोन तास यायच्या आणि स्कूटीवरून निघून जायच्या. बाई प्रेमळ, पण धास्तावलेली. निकाल खाली आला की पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणार नाहीत, ही भीती त्यांच्या मानेवर कायम बसलेली. म्हणून त्यांनी काहीही नशिबावर सोडलं नव्हतं. 'माझं कुटुंब' असा एक उतारा त्यांनी कधीकाळी स्वतः लिहिला होता आणि तोच पंधरा वर्षं झेरॉक्स होत होता. त्यात वडील डॉक्टर होते. आई उत्तम स्वयंपाक करायची. धाकटा भाऊ दहा वर्षांचा होता. एक पांढरा कुत्रा होता. रविवारी सगळं कुटुंब गावाबाहेर झाडाखाली बसून चीज आणि स्ट्रॉबेरी खायचं.

"आपलं नाव तेवढं घालायचं," मॅडम बजावायच्या. "बाकी एक शब्द हलवायचा नाही. हलवलात की पुढचं सगळं चुकतं, आणि मार्क जातात."

कोणी हलवला नाही. कशाला हलवतील? नेहमी तोंडी घ्यायला शेजारच्या कॉलेजच्या बाई यायच्या. त्या चहा प्यायच्या, डोळे मिटून अडतीस वेळा तो कुत्रा ऐकायच्या आणि वीसपैकी अठरा-एकोणीस देऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या.

माझं पाठांतर आबा घ्यायचे. मी तो उतारा वहीत देवनागरीत उतरवून काढला होता. आबा जेवण झालं की ती वही मांडीवर घ्यायचे, चष्मा लावायचे आणि माझ्या शब्दामागून बोट फिरवायचे. "मों पेर ए दॉक्तर," मी म्हणायचे. पहिल्याच दिवशी बोट तिथे थांबलं.

"ह्यात डॉक्टर कोण?"

"वडील," मी म्हटलं. "मॅडमनी दिलंय तसंच म्हणायचं असतं."

आबांनी क्षणभर वहीकडे बघितलं. "म्हण की मग. मार्काशी मतलब." आणि बोट पुढे सरकलं. त्यानंतर दोन वर्षांत ते बोट तिथे कधी थांबलं नाही. मीच त्या शब्दाशी पोचले की जरा घाईने पुढे जायचे.

तर, नंबर एकतीस.

त्या वर्षी शेजारच्या बाई आजारी पडल्या आणि त्यांच्या जागी पुण्याहून धर्माधिकारी सर आले. सत्तरीचे, किडकिडीत, खादीचा झब्बा. ऐन उमेदीतली अकरा वर्षं त्यांनी फ्रान्समध्ये काढली होती, हे सकाळी मॅडमना कळलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर येणारी पोरं गोंधळलेली होती. म्हातारा मधेच थांबवतो म्हणत होती. मंदार बिचारा रडकुंडीला आला होता. त्याचे वडील खरोखरचे डॉक्टर, विश्रामबागेत त्यांचा दवाखाना. तो एकटाच खरं बोलला होता आणि त्याच्यावरच सर सगळ्यात जास्त हसले होते.

मी आत गेले. सर मधे, मॅडम बाजूला, त्यांच्यासमोर मार्कांचा तक्ता. मी खुर्चीत बसले आणि सुरू झाले. नाव, वय, सांगली. मग दम न घेता, "मों पेर ए दॉक्तर, मा मेर..."

"थांब." सरांनी हात वर केला. ते रागावले नव्हते, उलट त्यांना मजा वाटत होती. मॅडमकडे वळून ते मराठीत म्हणाले, "मॅडम, सांगलीत घरटी एक डॉक्टर आणि घरटी एक पांढरा कुत्रा. मी सकाळी स्टँडवरून इथवर चालत आलो. सोळा कुत्री मोजली. एक पांढरं नव्हतं."

मॅडम हसल्या. पण ते हसू कसलं, पदराला गाठ मारावी तसं तोंडावर बांधलेलं.

सर माझ्याकडे वळले. "से व्रे?" त्यांनी विचारलं. म्हणजे, खरं आहे का?

एवढं मला कळलं. माझ्यापुढे वीस मार्क होते. त्या वीसांच्या मागे डी.एड.ची यादी होती आणि यादीच्या मागे आबांची बावीस वर्षं. मी म्हटलं, "वी, मस्य." होय साहेब.

नेमके त्याच वेळी आबा चहा घेऊन आत आले.

सरांना काय वाटलं कोण जाणे. सकाळपासून एकच उतारा ऐकून माणूस कंटाळला असेल, थट्टेची लहर आली असेल. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगते. ते म्हणाले, "काय हो मामा, तुम्ही तर इथले जुने. या मुलीला ओळखता?"

आबा ट्रे घेऊन उभे. "व्हय साहेब. बगितलेली हाय."

"हिचे वडील डॉक्टर आहेत म्हणे. खरं का?"

माझे कान तापले. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रेमधल्या कपांकडे बघत ते म्हणाले, "हाईत की."

"असं? कुठे असतो दवाखाना?"

"मार्केट यार्डापाशी," आबा म्हणाले. थांबले, आणि मग कोणी न विचारताच पुढे बोलू लागले. "चांगला चालतो. हाताला गुण हाय त्यांच्या. गोरगरिबाकडनं काय घेत न्हाईत. लांबलांबनं माणसं येत्यात. लई मोठा माणूस हाय साहेब."

माझ्या वडिलांना मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. ते इतकं छान बोलतात हेही मला ठाऊक नव्हतं. एक एक वाक्य जोडत ते माझ्यासाठी एक बाप बांधत होते, चांगला ऐपतीचा, दवाखान्यातला, आणि त्या बापात स्वतःला कुठेही ठेवत नव्हते. मला एकदम लाज वाटली. ती लाज ते शिपाई असल्याची नव्हती. त्यांना हे बोलावं लागलं, त्याची होती.

"नों," मी म्हटलं.

सरांनी भुवया वर केल्या. "नों?"

"नों, मस्य. मों पेर..."

आणि तिथे रस्ता संपला. पुढचं झेरॉक्सवर नव्हतं. शिपायाला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. घंटेला काय म्हणतात तेही येत नव्हतं. दोन वर्षं फ्रेंच शिकून माझ्याजवळ स्ट्रॉबेरी होती, चीज होतं, नव्वद मार्कांचं व्याकरण होतं. आणि माझ्या बापाबद्दल एक खरं वाक्य बोलायला शब्द नव्हता. मी डोक्यात शोधत राहिले.

आबांना वाटलं, मी विसरले.

त्यांना राहवलं नाही. दोन वर्षं रोज वही मांडीवर घेणारा माणूस. पोरगी अडली की त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायचाच. ट्रे तसाच धरून, मान किंचित पुढे करून, हलक्या आवाजात त्यांनी मला पुढचं सांगितलं.

"मों पेर ए दॉक्तर, राणी. मा मेर... मा मेर फे बियां ला क्विझीन..."

मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. धर्माधिकारी सर खुर्चीत हळूच मागे टेकले. एकदा आबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा पार पुसली गेली.

"तुम्हाला फ्रेंच येतं?"

"न्हाई साहेब, मला कुठलं." आबांना कळून चुकलं होतं. पण खोटं रेटायला आता त्यांच्यात बळ राहिलं नव्हतं. "पोरीचं पाठांतर घेतो. घरी."

मग मी बोलले. माझ्याजवळ होते त्या शब्दांत बोलले, चुकत बोलले. "मों पेर ए इसी." माझे वडील इथे आहेत. मी हात करून दाखवलं. "इल ऊव्र ला पोर्त."

ते दार उघडतात.

फ्रेंचमध्ये मी स्वतः बनवलेलं ते पहिलं वाक्य. त्याचा अर्थ खोलीत तिघांना कळला आणि ज्यांच्याबद्दल होतं त्यांना तेवढा कळला नाही. ते आपले बावरून एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांकडे बघत होते. मी मार्क घालवले की काय, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

सर उभे राहिले. आबांच्या हातातला ट्रे त्यांनी स्वतः घेतला आणि टेबलावर ठेवला. "बसा," ते म्हणाले.

"न्हाई साहेब, तास संपत आला. टोल द्यायचाय." आणि आबा जवळजवळ पळालेच.

पुढची दहा मिनिटं सर मला फ्रेंचमध्ये साधे साधे प्रश्न विचारत होते. वडील किती वाजता उठतात? तुमच्या घरात कोण कोण? कुत्रा आहे का? नाही, म्हैस आहे, पण म्हैस मला येत नव्हती, म्हणून मी "मोठी, काळी, दूध देते" असं काहीतरी सांगितलं. सर हसले आणि मीही हसले. प्रत्येक वाक्यात चूक होती. त्यांनी ती दर वेळी हळूच सुधारली आणि पुढे विचारत राहिले. आपण कोणाशी तरी फ्रेंचमध्ये बोलतोय, हे निम्म्यात माझ्या लक्षात आलं.

बाहेर आले तेव्हा मॅडम माझ्यामागून आल्या. दोन्ही डोळे भरलेले. "अगं, मला सांगायचं नाहीस? मी बदलून दिला असता उतारा."

"तुम्ही म्हणाला होतात, शब्द हलवायचा नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग भिंतीला टेकून पाठ करणाऱ्या उरलेल्या सात जणांकडे वळून एकदम म्हणाल्या, "ऐका रे! वडील खरंच जे करतात तेच सांगा!"

मग जो गोंधळ उडाला तो बघण्यासारखा होता. "मॅडम, किराणा दुकान कसं म्हणायचं?" "मॅडम, एस.टी. कंडक्टर?" "माझे वडील काहीच करत नाहीत मॅडम, ते कसं?" मॅडम पदर खोचून जिन्यावर बसल्या आणि एकेकाला त्याचा बाप फ्रेंचमध्ये करून देऊ लागल्या. पंधरा वर्षांत त्यांना एवढं शिकवताना कोणी पाहिलं नसेल.

निकाल, डी.एड.ची यादी, हे सगळं नंतरचं. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत तळाहून चौथं होतं. मधले अठरा दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. पण मला जे सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं आहे.

आबा घरी आले ते धुमसतच. टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "चौदा."

"काय चौदा?"

"मार्क! मॅडमनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं. चिकटवता चिकटवता बगितलं. बाकीच्यास्नी सोळा, सतरा. आन् तुला चौदा. कशापायी त्वांड उघडलंस? मी म्हणलो हुतो न्हवं डॉक्टर हाईत म्हणून? गप बसायला काय झालं हुतं?"

"चुका झाल्या खूप. सर म्हणाले, चुकांचे मार्क कापावे लागतात."

"पाठ हुतं तेवढं म्हणायचं! पाठ हुतं की न्हाई? मला सुदिक पाठ हाय!"

आई चुलीपुढून म्हणाली, "अवो, लेकीवर कशाला वरडताय?" तर आबा तिच्यावरही ओरडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. दोन-तीन मार्कांनी माणसाचं आयुष्य कसं हुकतं हे त्यांनी बावीस वर्षं नोटीस बोर्डासमोर उभं राहून बघितलं होतं, त्यामुळे त्यांचा राग खोटा नव्हता. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांचा आवाज हळूहळू उतरला. मग ते पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले.

"काय म्हणलीस तू?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघताच विचारलं. "शेवटाला. माझ्याकडं हात करून. ते आपल्या वहीत न्हाई."

"म्हटलं, माझे वडील इथंच आहेत."

"आन् पुढं?"

"ते दार उघडतात."

आबांनी ते ऐकलं आणि मान हलवली. एकदा, दोनदा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मलाही रडू आवरेना. आई परातीत पीठ तसंच सोडून आमच्या दोघांकडे बघत राहिली, कोणाला काय झालंय हेच तिला कळेना.

"एवढंच?" आबांनी विचारलं.

"मला तेवढंच येत होतं, आबा."

त्यांनी विचार केला. मग नाक ओढून, आवाजात पुन्हा थोडा राग आणत म्हणाले, "आन् सांजच्याला बंद कोण करतं? चोवीस दारं हाईत वरखाली मिळून. कुलपं हाईत, खिडक्या हाईत, दिवं हाईत. ते कुणी सांगायचं?"

"बंद करणं येत नाही मला."

"मग शीक," आबा म्हणाले. "आन् पुढच्या बारीला कुणी इचारलं, तर पुरतं सांग."